ओटीवरचे दिवस

दोन हजार सहा साली माझी धाकटी बहीण हर्षाली ठाण्यात, अमेरिकेतल्या पेशंटांना नंबर लावायच्या नोकरीला लागली. साखरशेतात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. गावाला वाटे, पोर दवाखान्याच्या दारात रांग लावते. मी मोखाड्याला पंचायत समितीत कारकून, म्हणून मला तरी कळायला हवं, असं बाबांचं मत. मला कुठे कळत होतं! शेवटी तिनंच समजावलं. डॉक्टर जे जे करतो, त्या कामाला एक ठरलेला नंबर असतो. तो बरोबर लावला, तरच तिकडची विमा कंपनी बिल भागवते.

पण तिला अजून कायम केलं नव्हतं. परीक्षेत एकदा नापास झाली होती, तीही एकाच धड्यात. बरोबरच्या पोरी तिच्या बोलण्याची नक्कल करत, म्हणून ती डबा जिन्यात एकटीच खायची. सोमवारी शेवटची संधी होती, आणि ही बया ऐन भातझोडणीत घरी येऊन तोंड पाडून बसली.

"दादा, माणूस हॉस्पिटलात खाटेवर असतो, पण भरती नसतो. ठेवायचा का घरी पाठवायचा, ते ठरेपर्यंत डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतो. त्याचा नंबर वेगळा."

"मग लाव की वेगळा!"

"लावते ना. पण त्याच दिवशी भरती केला, तर फक्त भरतीचा लावायचा. आधीचं धरायचंच नाय. मी दोन्ही लावते. डॉक्टरनं मेहनत घेतलीच ना आधी?"

मला राग आला आणि हसूही. राबलेला दिवस कुणाचा बुडवायचा नाही, हे आमच्या घरात पोरांना दुधाबरोबर पाजतात. तिथली ही पोर डॉक्टरची मेहनत कशी सोडणार?

तेव्हा खोडाळ्याकडचा लाडक्या आमच्याकडे राहत होता. आमची मधली बहीण रंगू, तिला त्यानं मागणी घातली होती. घरजावई ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. पोरगा सासऱ्याकडे राबतो, कामाचा निघाला तर लग्न, नाहीतर रामराम. तोवर लाडक्या ओटीवर झोपे आणि ओटीवरच जेवे. रंगूचा होकार केव्हाच होता, अडलं होतं बाबांपाशी. त्यात लाडक्याचे पराक्रम! आल्या आल्या बैल राखता राखता झोपला आणि बैलांनी शेजाऱ्याच्या शेतातली उभी नागली फस्त केली.

रविवारी झोडणी उरकली. लाडक्या पाय धुऊन नेहमीसारखा ओटीवर बसला. बाबा आतून आईला म्हणाले, "बुधी, लाडक्याचा ताट चुलीपाशी मांड."

आईचा हात भाकरीवरच थांबला. रंगू रिकामा हंडा उचलून पाण्याला पळाली. लाडक्या आत येताना उंबऱ्याला ठेचकाळला आणि बसला तो मान खाली घालून. मला कुठलं राहवतंय!

"बाबा, आणि ती नागली?"

"आत घेतला ना त्याला?" बाबा माझ्यावरच खेकसले. "आता ओटीवरचा काय मोजायचा नाय."

"भरती झाला!" हर्षाली एवढ्या मोठ्यानं ओरडली की आईच्या हातून भाकर निसटली.

"कोण गं? कोणाला काय झाला?"

"लाडक्या भरती झाला, आये! आता आधीचा नंबर लावायचा नाय!" ती हसत सुटली. बिचाऱ्या लाडक्याला वाटलं आपल्यालाच हसतायत, मग तोही हसायला लागला. इतकं हसू त्या घरात मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी बाबांना जव्हारला घेऊन गेलो, कारण साखरशेतात मोबाईलला रेंज नव्हती. दुपारी फोन वाजला.

"दादा, पास झाले! कायम केलं मला! पोरींनी आज आपल्यात जेवायला बसवलं." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी फोन बाबांच्या कानाला लावला.

ती काय काय सांगत होती, मला अर्धवट ऐकू येत होतं. जिना, नक्कल, हसणं, सगळं. बाबा ऐकत राहिले. डोळे त्यांचेही भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आत घेतली ना तुला?" ते म्हणाले. "मग आता ओटीवरचा मोजू नको."