खात्रीचा माणूस
सकाळी मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासानं मला पिंपळे सौदागरच्या जुन्या सोसायटीतल्या समोरच्या काकू आठवल्या. त्या एकट्या राहायच्या. गिझर बसवायचा होता, म्हणून त्यांनी विचारलं, "खात्रीचा इलेक्ट्रिशियन आहे का गं कुणी?" मी लगेच नंबर दिला. खरं तर त्या माणसानं आमच्याकडे फक्त दाराची बेल बदलली होती. पण तो माझ्याच लातूरकडचा निघाला. "आपल्याच गावाकडल्या की हो ताई तुमी!" म्हणाला, आणि मला तेवढंच पुरलं. आठवड्याभरात एका सकाळी काकूंची किंकाळी ऐकू आली. काकूंनी आमच्याकडे ठेवलेल्या चावीनं दार उघडून नवऱ्यानं आधी मेन स्विच बंद केला. काकू बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडल्या होत्या आणि सगळीकडे जळक्या वायरचा वास होता. शॉक बसून पडल्यानं त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं गिझर तपासला आणि म्हणाला, "अर्थिंग जोडलंच नाही. कुणाकडून करून घेतलं हे?" मी दवाखान्यात न्यायला काकूंचे कपडे पिशवीत भरत राहिले. दवाखान्यात काकूंनी शांतपणे विचारलं, "तू त्याचं काम पाहिलं होतंस ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो काकू, आमच्या घरचं सगळं वायरिंग त्यानंच केलंय." त्यांनी चांगल्या हातानं माझा हात थोपटला. "मग तुझा काय दोष, बाळा?" आम्ही आता मोशीला राहतो. काकूंना दर रविवारी फोन करते, आणि दर वेळी सांगायचं राहून जातं.