लांब शेपटीचा सुरमा

नात डोळ्यांवर गुलाबपाण्याचे गार बोळे ठेवून पडली, की त्या वासाने मला पनवेलच्या जुन्या घरातली ती दुपार आठवते. आमचे हे कुवेतहून यायचे होते. मी अशाच बोळ्यांनी सूज उतरवली, सुरमा घातला आणि बारीक डोळे मोठे दिसावेत म्हणून सलाईने बाहेर लांब शेपटी ओढली. नटवी कुठली!

दीर दारात आले. "भाभी, भाईंचा तिकडेच इंतकाल झाला."

सुरमा ओघळेल म्हणून मी मूर्ख, रडू दाबून बसले. शेवटी सासूनेच ओल्या ओढणीने तो पुसला. "इद्दत सुरू झाली, बेटी. नवऱ्याच्या मागे चार महिने दहा दिवस आता सुरमा नाय." तेव्हा कुठे रडले.

"दादी, तुला लायनर लावू?" बोळे काढून नात विचारते.

"लाव. शेपटी लांब काढ. ते काही आले नाहीत; आता मीच त्यांच्याकडे जाणार आहे."