बिनमायेचा ड्रेस

"माया कुठी गेली याच्यातली?"

"ठेवलीच नाही."

"ठेवली नाही म्हंजे? दोन बोटं तर ठेवता तुम्ही. माह्या पोलक्यात ठेवली, सोनीबाईच्या पोलक्यात ठेवली. सुरभीच्या शाळेच्या झग्यात तर चार बोटं होती, पाचवीपासून आठवीपर्यंत पुरला तो. अन् याच्यातच कशी नाही?"

"कापून टाकली, वैनी."

"मग पट्ट्या तरी दाखवा. जोडून पाहू."

"चुलीत घातल्या."

आई हातातला ड्रेस घेऊन मटकन खाली बसली. ड्रेस उलटा केलेला होता, आतल्या शिवणी वर. करंगळीच्या नखाएवढंही कापड कुठं जास्तीचं नव्हतं. कडेकडेनं बारीक गोट लावून सगळं बंद केलेलं.

माझी आई, विमलताई, आपल्या नणंदेला एरवी 'तू' म्हणायची. रागावली की 'तुम्ही'. त्या दिवशी सकाळपासून 'तुम्ही' चालू होतं.

दुसऱ्या दिवशी मला, सुरभीला, पाहायला यवतमाळहून पाहुणे येणार होते. मुलगा मंदार, तिथल्या एका कॉलेजात क्लार्क. घरातली सगळीच माणसं ऑफिसातली. त्याच्या आईचा फोन आला होता, "साडीबिडी नका नेसवू हं मुलीला. रोज घालते तसा साधा ड्रेस चालेल आम्हाला." त्यांना ते साधं वाटलं. माझ्याकडे दोन ड्रेस होते, दोन्ही आईच्या जुन्या साड्यांचे, दोन्ही काखेत विटलेले. म्हणून आईनं आत्याची पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेला ड्रेस काढला. कांद्याच्या सालीच्या रंगाचा. आत्यापेक्षा मी अंगानं भरलेली. आईचा हिशोब सोपा होता: माया सोडू, पोरीच्या अंगात जाईल.

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. आमच्या बोलीत 'माझ्या'ला 'माह्या' म्हणतात, आणि घाईत बोललं की दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. लहानपणी आत्या कापड बेतताना पुटपुटायची, "हे दोन बोटं माया..." मला वाटायचं, ती 'माह्या' म्हणते आहे. प्रत्येक बाईच्या कपड्यात ती दोन बोटं गुपचूप स्वतःसाठी ठेवते. मी तिला एकदा विचारलंही, "आत्या, सगळ्यांची दोन-दोन बोटं मिळून तुझा केवढा कपडा होईन?" ती इतकी हसली, की सुई कापडातच राहिली. मग म्हणाली, "बाई, माया दुसऱ्यासाठी असते. माह्यासाठी नाही."

ही २००६ च्या जानेवारीतली गोष्ट. मारेगावपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. बाबा, म्हणजे दीनानाथ, कापसाचा भाव चढायची वाट पाहत होते. पुढच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत कापूस भरलेला. आम्ही माजघरात जेवायचो, माजघरात झोपायचो, सगळे शिंकत असायचो. घरात पाय ठेवायला जागा नाही इतका कापूस, आणि दोन दिवाळ्या गेल्या, कोणाच्या अंगावर नवं कापड आलं नव्हतं. आत्याचं हातमशीनही चुलीजवळ सरकलं होतं.

आत्याचं नाव रत्नप्रभा. लग्नाआधी सहा महिने यवतमाळला मामाकडे राहून शिवणकाम शिकली. कोर्सच्या पोरी ड्रेस घालून यायच्या, ही एकटी साडीत. मग झरीकडच्या एका गावात दिली. साडेतीन वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली. ही एसटीतून उतरली तेव्हा एका हातात पेटी, दुसऱ्यात मशीन. आहेरातल्या साड्या तिकडेच राहिल्या. तेव्हा ती पंचवीसची होती, आणि मी सांगते त्या जानेवारीत अडतीसची.

तेरा वर्षांत तिनं आपल्या अंगावरचं सगळं स्वतः घडवलं, पण दुसऱ्यांच्या कपड्यांतून. आईची चॉकलेटी साडी मधून फाटली, तर मधलं काढून टाकलं, दोन्ही काठ जवळ आणले आणि शिवण निऱ्यांत लपेल अशी बेतली. पडद्याचा परकर केला. बाबांच्या शर्टांची पोलकी केली, कॉलर काढून, बाह्या उलट्या लावून. निळ्या शर्टाचा खिसा उसवला तेव्हा आत चौकोनी तुकडा तसाच गर्द निळा निघाला, बाकी शर्ट आभाळासारखा फिका. तो चौकोन नेमका छातीवर यायचा. ते पोलकं घातलं की आत्या दिवसभर पदर सावरत राहायची.

तरी लोक ओळखायचेच. त्या निळ्या पोलक्यात ती बोअरवर पाण्याला गेली, तर सोनीबाई हंडा खाली ठेवून म्हणाली, "काहो दीनानाथभाऊ, आज लुगडं नेसून निंगाले?"

सगळ्या बाया हसल्या. आत्याही हसली. "व्हय वं बाई, शेतात जाऊन राह्यलो, भाकरी बांधून ठेव," असं बाबांच्या आवाजात म्हणाली, आणखी हशा झाला. घरी येताना मात्र माझ्याशी हळूच बोलली, "लोकांले मी दिसतच नाही वं सुरभे. कपडा दिसते, अन् त्याचा मालक आठवते."

त्यानंतर ती कधीतरी, शेंगा सोलताना, दळण निवडताना, म्हणायची, "एक कपडा असा पाहिजे, का पाहणाऱ्याले कोणाचंच नाव नाही आठवलं पाहिजे."

मारेगावला देवीलाल शेठचं कापडाचं दुकान. त्या काळात तिथंही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्यांच्या पोरीच्या लग्नासाठी आत्यानं गाद्यांच्या खोळी शिवल्या, उश्यांचे अभ्रे शिवले. मजुरीऐवजी कापड मागितलं. मी सोबत होते.

"बाई, हा रंग कोण घेते? दो साल से पडून आहे हा ताका."

"गावात कोणाजवळ नाही ना असा?"

"कोणाच्याच अंगावर नाही. म्हणून तर पडून आहे."

"मग फाडा."

"पोरीसाठी का?" शेठनं माझ्याकडे पाहिलं.

"फाडा तं तुम्ही."

आत्याच्या वहीत गावातल्या चाळीस-पन्नास बायांची मापं होती, कोणाची छाती वाढली, कोणाची कंबर बाळंतपणानंतर कुठं थांबली, सगळं. तिचं स्वतःचं पान नव्हतं. दुसऱ्याचाच कपडा आपल्यापुरता करायचा, तर माप कशाला? पण हा ड्रेस पहिल्यापासून तिचा होता. आणि पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही. म्हणून दुपारी सगळे शेतात गेल्यावर तिनं मला बोलावलं आणि टेप माझ्या हातात दिला.

"सैल धरू का जराशी?"

"नाही. लागू दे अंगाले."

"मग श्वास कसा घेशीन?"

"घेऊनच राह्यली ना. किती आलं?"

"चौतीस."

"पुन्हा मोजून पाय."

"चौतीसच आहे, आत्या."

"अस्सं," ती म्हणाली. एखाद्या ओळखीच्या बाईचं नाव फार दिवसांनी कळावं तशी. "खांदा?"

कोपरापर्यंतची बाही, गळ्याला बारीक पट्टी, उजव्या बाजूला आतून खिसा. "साडीत खिसा नसते," ती म्हणाली. शिवून झाला त्या दिवशी तिनं दाराला कडी लावली आणि घालून दाखवला. मी आत्याला तेरा वर्षं रोज पाहत होते, पण तिला पाठ आहे, कंबर आहे, हे मला त्या दुपारी दिसलं. तिनं दोन्ही तळवे कुशींवरून खाली नेले. कुठंच काही दुमडलेलं हाताला लागलं नाही.

"फिरू का?"

"फिर ना!"

ती एकदाच फिरली. मग काढून, घडी घालून पेटीत ठेवला. तीन महिने झाले, पुन्हा काढला नाही.

"घालत काहून नाहीस?" मी विचारायची.

"घालून जाऊ कुठी?"

...तर तो ड्रेस आता आईच्या मांडीवर उलटा पडला होता.

"तुम्ही हे मुद्दाम केलं, प्रभाबाई."

"व्हय, मुद्दामच केलं. पण तीन महिन्यांपहिले केलं. तवा पाव्हणे कुठी होते?"

"या घरात चिंधी कोणी फेकत नाही अन् तुम्ही नवं कापड जाळता? चांगलं दोन बोटं कापड?"

"ठेवलं असतं तं आज काय झालं असतं, वैनी?"

"सुरभीच्या अंगात गेला असता!"

"तेच म्हणून राह्यली मी."

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. त्या पदरालाही दोन ठिकाणी रफू होतं, आत्यानंच केलेलं, अगदी जवळून पाहिल्याशिवाय न दिसणारं.

"मी काय माह्यासाठी मागून राह्यली?" आईचा आवाज चिरकला. "दोन वर्षांत माहं एक तरी लुगडं आलं का या घरात? पोरीचं आहे म्हणून मागते. एका दिवसाचं काम. अन् तुमाले तसंही उद्या पाव्हण्यांपुढं यायचं नाही. मग अडते कुठी?"

हे खरंच होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई पाहण्याच्या वेळी समोर नसावी, असं आमच्याकडे कोणी सांगत नाही. पोहे करायला मागं कोणीतरी लागतंच, म्हणून ती मागं असते.

"म्हंजे," आत्या सावकाश म्हणाली, "माहा ड्रेस पाव्हण्यांपुढं बसीन अन् मी चुलीपाशी."

"असं काहून घेता तुम्ही मनाले..."

"नाही, बरोबर आहे ना? तसंच होईन ना?"

चुलीवरच्या दुधाला उकळी आली, आईनं उठून ते उतरवलं. भांडण तिथंच विझलं असतं, असं मला आजही वाटतं. आई शेजारी कोणाकडं तरी ड्रेस मागायला गेली असती.

पण मला तो ड्रेस हवा होता. यवतमाळचं घर, ऑफिसातली माणसं, आणि काखेत विटलेली मी. मला आत्यानं काही शिकवलं असेल तर ते हेच, की कापडाला वाट असतेच, शोधायची असते. तिच्या शेजारी बसून मी शंभर पोलकी मोठी होताना पाहिली होती.

"बाजूनं कळ्या टाकल्या तर?" मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"कळ्या म्हंजे?" आईनं विचारलं.

"दुसऱ्या कापडाच्या उभ्या पट्ट्या. काखेपासून खालपर्यंत. माया नसली तरी चालते. तुझ्या चॉकलेटी साडीचा तुकडा आहे ना उरलेला, तो शोभीन याच्यावर. फॅशनच वाटीन."

आईचा चेहरा उजळला. "होते का वं असं?"

प्रश्न आत्याला होता. तिला 'नाही होत' म्हणता आलं असतं. आईला शिवणकामातलं काही कळत नव्हतं, आणि माझ्या बोलण्याला आत्याच्या बोलण्यापुढं काय किंमत? पण शिवणकामाच्या बाबतीत ती कधी खोटं बोलत नसे.

"होते," ती म्हणाली. "दोन्हीकडून उसवायचं, कळ्या बसवायच्या. तासाभराचं काम आहे."

"मग लाव ना वं प्रभा!" आई एकदम 'तू'वर आली. तिनं आत्याच्या हनुवटीला हात लावला. "लाव ना बाई. पोरगी उजवली का तुले मी असे दोन घेऊन देईन. कापूस निंगू दे एकदा."

आत्यानं ड्रेस घेतला, सुलटा केला. सुलटा करताना एक-एक बाही हळू बाहेर ओढली. माझ्याकडं पाहिलं नाही. मशीनवरची कात्री उचलली, आतल्या लहान खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"उजेडात बस म्हणा तिले," आई म्हणाली आणि फडताळातून चॉकलेटी तुकडा काढून झटकला. मी तो लावून पाहिला. लांबी पुरत होती. आम्ही दोघी बोलायला लागलो, ओढणी कोणती, कापसाच्या ढिगावर चादर टाकायची का तसाच दिसू द्यायचा. आई म्हणाली, "दिसू दे. एवढा पिकते म्हणून तरी समजीन."

बराच वेळ झाला. आतून कापड उसवल्याचा आवाज आला नाही.

मग कडी निघाली. आत्या दारात उभी होती, ड्रेस घातलेला. एकही टाका तुटला नव्हता. ओढणी नव्हतीच, तिनं शिवलीच नव्हती. केसांची वेणी सोडून पुन्हा घातली होती. हातात कात्री होती, ती तिनं मशीनवर होती तिथं ठेवली.

"अवं... हे काय?" आईच्या मांडीवरून चॉकलेटी तुकडा घसरला. "प्रभा, काढ तो, मळीन. वेळ किती झाला पाय. कुठी चालली असं अंगावर घालून? लोकं काय म्हणतीन?"

आत्या पुढच्या खोलीतून, कापूस आणि भिंत यांच्यामधल्या वाटेनं, अंग तिरपं करून निघाली. कापूस अंगाला लागू दिला नाही. मी तिच्यामागं धावले. ती उंबऱ्याशी चपला शोधत होती. एक सापडली, दुसरी ढिगाखाली गेली होती. मी वाकून काढली आणि तिच्या पायापाशी ठेवली. मला माफी मागायची होती, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आत्या, उद्या तू माह्याजवळ बसशीन? पाव्हण्यांपुढं? मी सांगते आईले."

तिनं चपलेत पाय घातला, अंगठा नीट बसवला, आणि ती उन्हात उतरून चालायला लागली.