बंकटची टाकी

ऊसतोड सोडून बंकट साखर कारखान्यात चिकटला, तो सांडपाण्याच्या टाकीवर. टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे जिवंत जंतू. पाण्यातली घाण ते खातात, तेव्हा कुठं ओढ्याला सोडलेलं पाणी बरं असतं. कारखाना बंद असला की बंकट त्यांना शेण-गुळाचा काला घालून जगवायचा, गोठ्यातली जनावरं जगवावीत तसा. चार इंजिनिअर आले-गेले. जंतू टिकले ते ह्या माणसामुळं. मी गेटवर असतो, मला माहीत आहे.

पण घरी सांगायची त्याला लाज. ‘घाण राखतो’ कसं म्हणायचं? बायकोला, सुंदरबाईला, वाटायचं की नवरा टाकीवरच्या पाण्याच्या मोटारी चालवतो. आमच्या वस्तीची विहीर त्याच ओढ्याकाठी, तरी ह्याच्या तोंडाला कुलूप.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतात. कारखान्यातही बॉयलरच्या पूजेआधी तेच. रोजानं बाया लावल्या, त्यात सुंदरबाई. बंकट त्या दिवशी गूळ आणायला बीडला गेलेला. सगळ्यात घाण नवऱ्याचीच टाकी! तिला ते खपलं नाही. ब्लीचिंग पावडरची दोन पोती तिनं टाकीत रिकामी केली.

संध्याकाळी बंकट आला.

“बघा, वास तरी हाय का आता?” ती म्हणाली. “लोकं नावं न्हाई ठिवायची तुमाला.”

त्यानं टाकीतला गाळ ओंजळीत घेऊन बघितला. तिला घरी धाडलं. मग गेला तो थेट संचालक मोहनरावांकडं.

“साहेब, माझ्या हातनं चूक झाली. जंतू मेले. गाळप म्हैनाभर फुडं ढकला, नवे जगवतो.”

“किड्यांसाठी कारखाना बंद ठिवू का बे?” मोहनराव हसले.

गाळप ठरल्या दिवशीच सुरू झालं. पंधरवड्यात ओढा काळा पडला, मग विहीर नासली. वस्तीत जुलाब लागले. शेजारच्या म्हाळूची म्हातारी आई त्यातच गेली.

तिसऱ्या दिवशी सुंदरबाई विहिरीवर उभी राहून ओरडली, “ज्यानं आमच्या पाण्यात इख कालवलं, त्याचे हात झडतील!”

सगळी वस्ती ऐकत होती. बंकट पुढं झाला.

“ते म्याच केलं,” म्हणाला. “टाकी माज्याच हातनं मेली.”

सुंदरबाई माहेरी, तलवाड्याला निघून गेली. वस्तीत त्याला आता कुणी दारात उभं करत नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे. जीव तुटतो, पण बंकटनं शपथ घातली आहे, आणि तिला हे सांगायची माझीही छाती होत नाही.