डॉक्टरांचा लांबलेला पॉज

नाटक कंपनीत तिला सगळे बाई म्हणत. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत स्टुलावर बसायचं, नट अडला की वाक्य पुरवायचं, आणि आवाज प्रेक्षकांत गेला तर बोलणी खायची.

सगळ्यात जास्त बोलणी कंपनीच्या ज्येष्ठ नटाची, काकांची, खाल्लेली. त्या गाजलेल्या रहस्यनाटकात काका खुनी डॉक्टर होत. सुरुवातीच्या एका प्रयोगात, कबुलीच्या प्रवेशात ते थांबले आणि हिने तत्परतेने वाक्य टाकलं. पडदा पडल्या पडल्या सगळ्यांदेखत झापलं त्यांनी. "खून केलेला माणूस धडाधडा बोलतो का गं? मी थांबलो की तोंड शिवून घ्यायचं." तेव्हापासून कबुली आली की ही ओठ घट्ट मिटून घेई.

काम करताना काकांच्या अंगात यायचं. प्रयोगाच्या दिवशी घरीही कुणाशी बोलत नसत. "नवरा कसाही चालवून घेतला असता," काकू म्हणत, "या डॉक्टरशी संसार होत नाही."

आता तब्येत पार ढासळली होती. शेवटचा प्रयोग धड व्हावा, कुणाला कीव करायची वेळ येऊ नये, एवढंच काकांचं मागणं.

त्या प्रयोगात कबुली आली. "मी दार उघडलं, आणि..." काका थांबले. नजर विंगेकडे वळली. बाईच्या अंगावर काटा आला. काय काम करतोय हा माणूस! पुढच्या वाक्यावर तिचं बोट होतं, आणि ती मंत्रमुग्ध होऊन बघत बसली होती. काकांनी पुन्हा पाहिलं. ती नजर डॉक्टरची नव्हती.

तिने तोंड उघडेपर्यंत इन्स्पेक्टर झालेला नट म्हणाला, "आणि तुम्ही गोळी झाडलीत." काकांची कबुली त्याने देऊन टाकली. काकांनी नुसती मान डोलावली. सारं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

रंगपटात काकू डोळे पुसत होत्या. "वाक्यच गाळलंत! कुणाची कल्पना?"

काका चेहऱ्याचा रंग काढत होते. "बाईंची."

"काका, अहो, मला वाटलं तुम्ही..."

"काय वाटलं ते कळलं मला," काका काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले. "मीच शिकवलं होतं. आता कुणाला सांगत बसू नकोस."

काकूंनी काकांना मिळालेला मोठा गुच्छ उचलून कौतुकाने तिच्या हातात दिला. खरं सांगितलं तर काकांची शोभा झाली असती. तिने तो घेतला, आणि दारात थांबलेले प्रेक्षक पांगेपर्यंत कपडेपटात कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.