माळ्यावरून सांगितलेला सामना

आदिलाबादला मावशीकडे टीव्हीवर फुटबॉलचं जपानी कार्टून बघितलं. त्यातल्या हिरोचा मला रागच यायचा. आवडायचा तो सामन्याचं वर्णन करणारा माईकवाला. चेंडू गोलपर्यंत पोचायला अख्खा भाग लागे, पण याचं तोंड बंद होत नसे.

गावी ज्वारी राखायला शेतातल्या उंच माळ्यावर बसले की मीही तसंच ओरडायचे. गोल मात्र होऊ द्यायचे नाही, कारण गोल झाला की वर्णन संपणार, आणि मी गप्प झाले की पाखरं उतरायची.

एकदा आई पहाटेच पलीकडच्या शेतात कापूस वेचायला गेली. संध्याकाळी चिडून घरी आली.

"गोल झाला म्हणून वरडली, अन् मंग चूप काऊन बसली? सारे पाखरं कनसायवर उतरले."

मी सकाळपासून तापाने घरीच गोधडीत पडून होते.