लिफ्टविरुद्धचा यशस्वी लढा

आमच्या सोसायटीत येऊ घातलेली लिफ्ट मी एकटीने परतवून लावली.

सोसायटी कोथरूडची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, एक जिना. इमारत बांधली तेव्हा सगळे सभासद तिशी-चाळिशीतले होते आणि जिना चढणं हा व्यायाम होता. आता सभासद सत्तरीत आहेत आणि जिना होता तेवढाच आहे. (आहे त्या इमारतीला लिफ्ट जोडायची म्हटली तर ती कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरातून जाते. मोजून पाहिलंय.) माझे बाबा तिसऱ्या मजल्यावर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे वर्षभर, ते खाली उतरले नव्हते.

अशात एक बिल्डर आला. म्हणाला, ही इमारत पाडतो, जागेवर अकरा मजले उभे करतो, प्रत्येकाला नवं घर देतो आणि वर दोन लिफ्ट.

मी घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका गटात आहे. आम्ही पत्रकं काढतो. माझ्या पत्रकांचा आजवरचा सर्वांत मोठा वाचकवर्ग म्हणजे भेळ खाणारी जनता. पण करारनामा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. बांधकाम अर्ध्यात रखडलं तर आम्ही राहायचं कुठे, याबद्दल अवाक्षर नाही. मागच्या गॅरेजमध्ये शिवणकाम करून तिथेच राहणाऱ्या भाडेकरू मंदाताईंचं नावसुद्धा नाही. आत्ताच आम्हाला उन्हाळ्यात टँकर लागतो, मग अकरा मजल्यांना पाणी कुठून आणणार? त्यावर उत्तर म्हणून एक गुळगुळीत चित्र होतं. चित्रात कारंजं होतं.

मी पत्रक लिहिलं. ‘सही करू नका!’ पहिला मुद्दा करार, दुसरा मंदाताई, तिसरा पाणी आणि चौथा ठळक अक्षरांत: ‘या वयात घर सोडायला लावताना ज्येष्ठांना कुणी विचारलंय का?’

दोनशे प्रती बाबांपुढे ठेवल्या. (बारा बिऱ्हाडांना दोनशे. चळवळीत कमी छापायची पद्धत नाही.) एरवी खिडकीपाशी बसून रस्ता बघत असतात, म्हटलं तेवढाच विरंगुळा. दोन दिवस ते एकेका कागदाची तीन पदरी घडी घालत होते, कडेला कड जुळवून, नखाने दाबून.

“या चौथ्या मुद्द्यातले ज्येष्ठ कोण गं?” त्यांनी विचारलं.

“सगळेच. तुमच्यासारखे.”

“असं होय,” म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला.

आई ताक घेऊन आली. “अगं, त्यांना काय वाटतं ते तरी...”

“आई, बाबांना तत्त्व कळतं.”

“तत्त्व कळतं गं त्यांना. जिना उतरता येत नाही.”

मी हा टोमणा समजून सोडून दिला. टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही, असं आम्हाला शिबिरात शिकवतात.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा होती. बाबा म्हणाले, “मी येणार.” मला भरून आलं. लेकीच्या लढ्यासाठी बाप वर्षभराने उंबरा ओलांडतोय! चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. आमच्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुंड्या, सायकली आणि चपलांची कपाटं आहेत, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर खुर्ची अडकली.

“डावीकडे घ्या.”

“कुणाच्या डावीकडे? त्यांच्या की आपल्या?”

“कुणाच्याही घ्या,” बाबा म्हणाले, “फक्त माझे पाय पुढे करून नेऊ नका. अजून वेळ आहे.”

सभेत चमत्कार झाला. प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक होतं आणि ते वाचलेलं होतं. अध्यक्ष जोगळेकरकाकांनी तर चौथा मुद्दा मोठ्याने वाचला. “ज्येष्ठांना कुणी विचारलंय का? अगदी बरोबर प्रश्न आहे. चला, हात वर करा. बिल्डरच्या विरोधात कोण?”

अकरा हात. मी वहीत टिपून घेतलं.

“बाजूने?”

प्लॅस्टिकच्या खुर्चीतून एक हात वर आला.

“अहो, तुमच्याच मुलीचं पत्रक ना हे?” जोगळेकरकाका गडबडले. “वाचलं नाहीत?”

“वाचलंय. घड्याही मीच घातल्यात. चोख लिहिलंय, एक मुद्दा खोडता येणार नाही,” बाबा म्हणाले. “पण मला खाली यायचंय.”

काकांनी ठराव अकरा विरुद्ध एक असा नोंदवला. बिल्डर पुढच्या गल्लीत गेला. त्या एका मताचं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच पुस्तिकेत नाही.

सभा संपल्यावर बाबांना वर न्यायला माणसं आली, तर ते म्हणाले, “घाई नाही. तुम्ही सगळे जेवून या.” मंदाताईंनी मशीन गॅरेजच्या दाराशी ओढलं, चहा दिला. त्या शिवत होत्या, बाबा फाटकातून येणारे-जाणारे बघत होते. मी माफी मागायची म्हणून दोनदा जवळ गेले. दोन्ही वेळा तोंडातून मुद्देच निघाले.

“बाबा, मंदाताईंना रस्त्यावर काढून आपण...”

“मी कुठे म्हणालो तुझं चुकलं?” ते म्हणाले. “जरा बाजूला हो, रस्ता दिसत नाहीये.”

चारच्या सुमारास खुर्ची उचलली. तिचा एक पाय मी धरला, पण माझ्या बाजूला ती सारखी कलंडत होती.

“तू सोड,” बाबा म्हणाले. “या चपला घे. नीट धर, नव्या आहेत.”

ऑपरेशनच्या आधी घेतल्या होत्या.

मी मागून चढत होते. प्रत्येक मजल्यावर दार उघडून कुणीतरी म्हणत होतं, “शाब्बास, सोसायटी वाचवलीस!” दोन्ही हातांत वडिलांच्या चपला होत्या, त्यामुळे मी सर्वांना चपलांसकटच नमस्कार केला.